पटसंख्या: एक

टकळी वर्षभर रोज शाळेत गेली आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपुस्तकात तिची हजेरी शून्य निघाली.

छापताना चूक झाली असेल, असं समजून तिचा बाप शाळेत गेला. बाप लिफ्ट तपासनीस होता. लोकांच्या इमारतींत जायचं, लिफ्टच्या टपावर चढायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचे आणि शेवटी आत एक कागद चिकटवायचा, की ही लिफ्ट आठ माणसं पेलेल. तो कागद कोणी वाचत नाही आणि नऊ माणसं चढतात. तरी हा न चुकता चिकटवायचा. आकडा चुकला तर तो दुरुस्त करून मिळतो, यावर त्याचा लहान मुलासारखा विश्वास होता.

"चूक नाही हो," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "मी रोज नाव घेते. ती 'हजर' म्हणत नाही."

"पण बसलेली असते ना?"

"असते की. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. फार गोड मुलगी."

"मग ती हजर आहे."

"नियम 'हजर' म्हणायचा आहे," बाई म्हणाल्या. "बसायचा नाही."

मुख्याध्यापिकाबाई त्यामानाने समजूतदार निघाल्या. त्यांनी त्याला चहा पाजला आणि कबूल केलं, की पहिले चार महिने त्यांना वाटत होतं ही कोणाची तरी धाकटी बहीण आहे, सोबत म्हणून येऊन बसते. "तिचे हाल होतायत, ते दिसतं आम्हाला. आंधळे नाही आहोत आम्ही. तुम्ही असं करा, तीन आठवडे घरी शिकवून बघा. शिक्षणखात्याचा अधिकारी येऊन घर पाहून जाईल. मग हा अर्ज भरून द्या."

अर्जावर दोन चौकोन होते. एकापुढे लिहिलं होतं 'शाळा', दुसऱ्यापुढे 'घर'. कुठल्यातरी एकावर खूण करायची. एकदा केली की वर्षभर बदल नाही.

"आणि खूण चुकली तर?"

"तर एक वर्ष गेलं," बाई म्हणाल्या. "वर्षं काय, तशीही जातातच."

आता, जी मुलगी शाळेत वर्षभर एक अक्षर बोलली नाही, तिला घरात टकळी का म्हणायचे, हे सांगायला हवं. ती सकाळी डोळ्यांच्या आधी तोंड उघडायची. नळाशी बोलायची, चपलांशी बोलायची, डावी चप्पल उजवीला काय म्हणाली हे तिसऱ्याला सांगायची. आठ वर्षांची पोर, पण बोलणं साठ वर्षांच्या बाईचं, आणि त्यातही जिला वेळच वेळ आहे अशा.

"बाबा, लिफ्टला कळतं का, की आपण वर चाललोय? का तिला वाटतं, इमारतच खाली चाललीय?"

"टकळे, आधी जेव."

"जेवतेच आहे. मधे मधे तोंड रिकामं होतं, तेवढ्यात बोलते."

त्या दिवशी बापाने घास खाली ठेवून विचारलं, "शाळेत का नाही ग बोलत?"

टकळीने विचार केला. घरात इतकी शांतता एरवी वीज गेल्यावरही होत नसे. मग ती म्हणाली, "मी बोलायचं ठरवून जाते. पण तिथे नाव घेतलं की सगळे ऐकायला लागतात. मग माझा आवाज आत पळून जातो. घरी कसं, कोणी ऐकतच नाही, म्हणून येतं."

"काय म्हणाली?" मामाने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं.

"बघा," टकळी म्हणाली.

हा मामा म्हणजे टकळीच्या आईचा थोरला भाऊ. चार वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आला होता. एका सिनेमागृहाच्या दारात उभं राहून तिकिटं फाडण्यात त्याची उभी हयात गेली होती. सिनेमागृह बंद पडलं, हात मात्र चालूच राहिले. घरात आलेला कुठलाही कागद तो अर्धा फाडायचा आणि उरलेला अर्धा अदबीने परत द्यायचा. त्यामुळे अर्ज त्या दिवसापासून फ्रिजच्या वर राहू लागला.

टकळीची आई कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे आणि ती मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या बत्तिशा हाताळून तिचं मत असं झालं होतं, की माणसाच्या तोंडाशी जबरदस्ती करू नये. "घरी शिकू दे तिला," ती म्हणाली. "तिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? जिथे बोलते ती जागा जपा. ती जागा हीच. विषय संपला."

"आणि आपल्याला नाही जमलं तर? मित्र नाहीत, मैत्रिणी नाहीत, खेळ नाही. मोठी होऊन काय करेल, कवळ्यांशी गप्पा मारेल?"

"मी नाही मारत?"

त्यावर तपासनीस ताटं उचलायला लागला. नवरेपणाची बारा वर्षं फुकट गेली नव्हती.

पहिला आठवडा आईने शिकवलं. म्हणजे तिने काही शिकवलं नाही, ती दात बसवत होती आणि टकळी शेजारी स्टुलावर बसून बोलत होती.

"वरच्या कवळीत दात किती?"

"चौदा."

"निम्मे?"

"सात. आई, पण ज्या आजोबांची ही कवळी, त्यांनी चौदातला एक गिळला तर?"

"मग किती?"

"तेरा. पण दुसऱ्या दिवशी परत चौदा. फक्त ते धुवून घ्यायला लागतील."

अपूर्णांक असे चार दिवसांत झाले. शाळेत तेच वर्षभर चालले होते. तपासनीस संध्याकाळी कामावरून यायचा, चार मजले चढून यायचा, कारण स्वतःच्याच इमारतीची लिफ्ट त्याने नापास करून बंद पाडली होती आणि शेजारी तेव्हापासून त्याच्याशी बोलत नसत. दारातच त्याला पोरीचा आवाज ऐकू यायचा. त्याला बरं वाटायचं. बरं वाटलं, की त्याला काळजी वाटायची.

"वेळापत्रक कुठाय?" त्याने गुरुवारी विचारलं.

"कसलं?"

"अधिकारी येईल ना. काय दाखवायचं त्याला? दात?"

"पोरगी बोलतेय, शिकतेय. अजून काय हवंय त्याला?"

"तुला माहीत नाही," तो म्हणाला, आणि या एका बाबतीत खरंच त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. "लिफ्ट चालते की नाही, हे तपासणारा सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो फलक आहे का, नोंदवही आहे का, घंटा वाजते का. मी वीस वर्षं तेच करतोय. उत्तम चालणाऱ्या लिफ्टा मी फलक नाही म्हणून नापास केल्यात."

"अरे, तुला मुलगी पास करायचीय का घर?"

"घर. मुलगी पासच आहे आपली. घर पास झालं, की ती कायमची इथे. मग बोलू दे, काय बोलायचं ते."

यात अहंकार नव्हता, लबाडी नव्हती. असती, तर बायकोने ती दोन मिनिटांत हाणून पाडली असती. प्रेमापुढे तिचं काही चालेना. त्याने दोन आठवडे रजा टाकली, खात्यात जाऊन पाहणीची छापील यादी मिळवली आणि कामाला लागला.

सोमवारी सकाळी साडेसात वाजता घरात घंटा झाली. भंगारात निघालेल्या एका लिफ्टची ती धोक्याची घंटा होती. लिफ्ट सुरू झाली असं वाटून चारही मजल्यांवरची माणसं पिशव्या घेऊन जिन्यात आली आणि शिव्या देत परत गेली. घंटेचं बटण मामाकडे होतं. त्याला शिपाई नेमलं होतं. टोपीही मिळाली होती. चार वर्षांत तो इतका ताठ उभा राहिलेला कोणी पाहिला नव्हता.

बापाने नवा कोरा हजेरीपट उघडला. वर लिहिलं होतं, पटसंख्या: एक.

"क्रमांक एक!"

"हजर! हजर! हजर!" गणवेशातली टकळी ओरडली.

"एकदाच म्हणायचं."

"दोन उद्या-परवाचे आगाऊ."

सगळे हसले. बापही हसला आणि त्याने एकच खूण केली.

"शाळेच्या वेळात आईला बाई म्हणायचं," त्याने सांगितलं. "मला सर."

"आणि भूक लागली तर?"

"मधल्या सुट्टीत."

"मधल्या सुट्टीत बाईची परत आई होते?"

"होते."

"मग तेवढा वेळ बाई कुठे जाते?"

सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. टकळीने वही उघडली.

मंगळवारी ती एकदाच 'हजर' म्हणाली. बुधवारी हळू म्हणाली. गुरुवारी ओठ हलले. शुक्रवारी तिने पाटीवरच्या गणितांकडे बघत नुसतं बसून राहणं पसंत केलं.

"क्रमांक एक," बाप दुसऱ्यांदा म्हणाला.

शिपाई टोपी सावरून बघत होता. बाई हातात खडू घेऊन बघत होत्या. बापाची पेन्सिल वीस वर्षांच्या सवयीने रकान्यात उतरली आणि तिने लिहिलं, गैरहजर.

"अरे, समोर बसलीय ती!" बायको ओरडली.

"पण म्हणाली नाही ना," तो म्हणाला, आणि आपल्या तोंडातून कोण बोलतंय हे त्याला ऐकू आलं. खोडरबर शेजारीच पडलं होतं. पण नोंदवहीत खाडाखोड दिसली की तपासणाऱ्याला संशय येतो. त्याने ते उचललं नाही.

तेव्हाच थांबायला हवं होतं, हे आता कोणीही सांगेल. पण साडेबाराची घंटा झाल्यावर टकळी स्वयंपाकघरात जायची, तिथे तिची आई परत आई असायची, आणि ओट्याला टेकून ती सकाळभराचं साचलेलं सगळं बोलून टाकायची. बापाने हिशेब केला, की बिघाड फक्त पुढच्या खोलीत आहे आणि तोही पाच तासांचा. लेखी काम तर सुरेख होतं. आणि अधिकारी यायला एकच आठवडा उरला होता.

यादीत पुढचा मुद्दा होता प्रयोगशाळा. सोमवारी स्वयंपाकघराच्या दारावर तसा फलक लागला. टकळी जेवायला आली, तिने फलक वाचला, ताट घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवली.

"काय ग, बरं नाही का?" आईने विचारलं.

टकळीने मान हलवली. ती हो होती का नाही, तेही कळलं नाही.

मंगळवारी आईची मागची खोली हस्तकला कक्ष झाली. त्या दिवशी मामा म्हणाला, "पोरगी आता न्हाणीघरातच बोलते. मी ऐकलं. बादलीला म्हणत होती, तू बरी आहेस, तुला हजेरी नाही."

बापाने हे ऐकलं. तो न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आतून आवाज येत होता. शब्द लागत नव्हते, पण टकळीचाच होता, मेणासारखा मऊ. तो अर्धा तास तिथे उभा राहिला. घरात चार खोल्या होत्या आणि त्यातल्या तीन त्याने स्वतःच्या हाताने स्क्रू पिळून बंद केल्या होत्या. चौथी अजून चालू होती. उद्या सकाळी उठल्याउठल्या सगळं काढायचं, असं त्याने ठरवलं. अधिकारी गेला खड्ड्यात.

पण सकाळी त्याच्या आधी मामा उठला. यादीतला शेवटचा मुद्दा राहिला होता आणि शिपाई म्हणून आपणही काहीतरी हातभार लावावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने पुठ्ठा कापला, रंगीत कागद चिकटवला, भोवती वेलबुट्टी काढली. टकळी टॉवेल घेऊन आली तेव्हा न्हाणीघराच्या दारावर लिहिलं होतं: 'विद्यार्थिनींसाठी'.

"कसं झालंय?" मामाने विचारलं.

तिने ते वाचलं. मग आत गेली. बाप धावत आला, तोवर कडी लागली होती. आतून फक्त पाण्याचा आवाज आला.

त्यानंतर त्याने तासाभरात सगळं उतरवलं. फलक, घंटा, वेळापत्रक, सगळं खाटेखाली ढकललं. गणवेश जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात गेला. मामाची टोपी काढून घेतली, तेव्हा मामा रडला. "मी तिच्यासाठीच केलं रे," तो म्हणाला. "माहीत आहे," तपासनीस म्हणाला. "मी पण." भिंतींवर स्क्रूची भोकं तेवढी राहिली, ती बायकोने कवळीच्या प्लॅस्टरने बुजवली.

मग तिघं वाट बघू लागले.

अडचण अशी होती, की घरात कोणी ऐकत नाही म्हणून टकळीला बोलणं यायचं, आणि आता तीन मोठी माणसं श्वास रोखून ऐकत होती. हे सगळ्यात आधी मामाच्या लक्षात आलं. त्याने कानांत कापूस कोंबला आणि तिच्यासमोर बसून ओरडला, "मी ऐकत नाहीये हां! बोल बिनधास्त!" टकळीने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. उलट थोडी दया होती, जशी मोठी माणसं पाहुण्यांच्या मुलांवर करतात. आईने दातांचा डबा पुढे ओढला. "टकळे, आजोबांनी दोन गिळले तर?" टकळीने पेन्सिल घेतली, कागदावर लिहिलं बारा, आणि कागद नीट सरळ करून आईपुढे ठेवला. आई उठून मागच्या खोलीत गेली. तिथून बराच वेळ कवळ्या घासायच्या यंत्राचा आवाज येत राहिला. त्या आठवड्यात घासायला कवळी एकही नव्हती.

शुक्रवारी अधिकारी आला. चार मजले चढून आल्यामुळे पहिली पाच मिनिटं तोही बोलू शकला नाही. पाणी प्यायला, घाम पुसला, आणि टकळीला पाच लेखी प्रश्न दिले. तिने पाचही बरोबर सोडवले, तेही डावीकडे नीट समास सोडून.

"व्वा," अधिकारी म्हणाला. "फलक वगैरे?"

तपासनिसाने ठरवलं होतं की खरं सांगायचं. "साहेब, लावले होते, काढले. त्यांच्यामुळे घोटाळा झाला. ही बोलायची. घरभर बोलायची. मी घराची शाळा केली आणि हिचं बोलणं बंद पडलं. आता ती कुठेच बोलत नाही. तुम्ही घर नापास करा, नाहीतर मला काहीतरी सांगा. काय करू?"

अधिकाऱ्याने यादी उलटसुलट पाहिली. मागची बाजूही पाहिली.

"बोलणं यात नाही," तो म्हणाला. सहानुभूती होती आवाजात. "फलक काढले म्हणता, पण आहेत ना? बघू."

खाटेखालून फलक निघाले. घंटा निघाली. हजेरीपट निघाला. अधिकाऱ्याने तो चाळला आणि गैरहजरीच्या रांगेवर त्याचं बोट थांबलं.

"ही समोर असून गैरहजर लावलीत?"

"हो," बाप म्हणाला. त्याची मान खाली गेली होती.

"स्वतःच्या मुलीला?"

"हो."

"अहो, असे पालक कुठे मिळतात," अधिकारी म्हणाला आणि त्याने शेरा लिहिला. शिस्त: उत्तम. दफ्तर: उत्तम. वर्गातील शांतता: आदर्श. मग सही करून त्याने टकळीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि जिन्यात वाकून बघत विचारलं, "लिफ्ट कोणी बंद केली हो ही? गाढव दिसतोय."

संध्याकाळी बायकोने फ्रिजवरचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. उद्या द्यायचा होता.

"शाळेत पाठवली तर?" तिने विचारलं.

"तिथे बोलत नाही."

"घरी ठेवली तर?"

त्याने भिंतीवरच्या बुजवलेल्या भोकांकडे पाहिलं.

"म्हणजे फरक काय?"

तपासनिसाने खरोखर विचार केला. दोन्ही बाजू त्याने मनात वजन टाकून पाहिल्या. दोन्ही सारख्याच खाली गेल्या. "घरी जेवण गरम मिळेल," तो शेवटी म्हणाला.

"मिळेल," बायको म्हणाली. याहून चांगलं कारण तिलाही सुचत नव्हतं. तिने 'घर'च्या चौकोनात खूण केली. खूण चौकोनाबाहेर जराही गेली नाही. दाताच्या कामाने हात स्थिर होतो.

खाली एक ओळ होती, ती आधी कोणी वाचली नव्हती. पाल्याचे मत. पुढे दोन रेघा सोडल्या होत्या.

त्यांनी अर्ज टकळीकडे सरकवला. तिने तो नीट वाचला, वरपासून. आईने केलेली खूण पाहिली. दुसरा चौकोन पाहिला. मग पेन्सिलला टोक केलं आणि लिहिलं: चालेल.

"चालेल म्हणजे काय ग?" बाप तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "घर चालेल? शाळा चालेल? कुठलं नको असेल तर नको लिही. काहीही लिही. हवं तर आम्हाला शिव्या लिही, टकळे. आत्ता खोडू आपण ही खूण. मी स्वतः खोडतो."

टकळीचा हात दप्तरात गेला. बापाला वाटलं खोडरबर काढतेय. तिने पट्टी काढली आणि 'चालेल'च्या खाली एक रेघ ओढली, अगदी सरळ.

मामाने अर्ज उचलून पाहिला. पहिल्यांदाच त्याने हातात आलेला कागद फाडला नाही.

"अक्षर मात्र सुंदर आहे हां पोरीचं," तो म्हणाला.

आणि ते खरं होतं.